जॉन बॉईड डनलॉप : हवेवर चालणाऱ्या चाकाची गोष्ट



चाकाचा पाठ घेताना मी मुलांना दरवर्षी एक प्रश्न विचारते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसवलेली असते तिला काय म्हणतात? आमच्या कर्जत-खालापूर भागात एखाद्याच मुलाला 'धाव' हा शब्द सांगता येतो, तोही आजोबांकडून ऐकलेला. टायर मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. सायकलचा जुना टायर काठीने पळवत शाळेत येणारी पोरं माझ्या वर्गात अजून आहेत.

यंदा या पाठाला जोडून मी डनलॉप यांचं चरित्र सांगितलं. कारण घरचंच होतं. आमच्या हायब्रिड गाडीचे टायर बदलायला आले होते आणि कोणते घ्यायचे यावरून आमच्या घरात आठवडाभर वाद चालू होता. त्या वादात वाचता वाचता मी या माणसापर्यंत पोहोचले.

डनलॉप म्हटलं की आपल्याकडे आधी गादी आठवते. फोमच्या गादीला कित्येक घरांत अजूनही डनलॉपची गादीच म्हणतात. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस होता गुराढोरांचा डॉक्टर.

जॉन बॉईड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांची आयुष्यभर समजूत होती आणि ते तसंच जपून वागत. (जगले मात्र ८१ वर्षं.) एडिंबरोला त्यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं. काही वर्षं गावाकडेच काम केल्यावर १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा दवाखाना एवढा चालला की आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याची गणना होऊ लागली. म्हणजे टायरचा शोध लागला तेव्हा डनलॉप हे पोटापाण्याच्या चिंतेत असलेले कुणी धडपडे संशोधक नव्हते. सत्तेचाळीस वर्षांचे, संसारी, दाढीवाले डॉक्टर होते.

१८८७ सालची गोष्ट. त्यांचा मुलगा जॉनी तेव्हा साधारण दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. त्या काळी चाकांना धातूची कड असे, फार तर भरीव रबर. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशीचे. त्यावरून सायकल चालवली की हाडं खिळखिळी व्हायची. डनलॉप यांना रबर हाताळायची सवय होती. त्यांनी पातळ रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली, वरून कापड गुंडाळलं आणि ती एका लाकडी चकतीच्या कडेला बसवली.

आता पुढचा भाग मुलांना सांगताना मी मुद्दाम सावकाश सांगते. डनलॉप यांनी ती चकती लगेच सायकलला लावली नाही. त्यांनी मुलाच्या सायकलचं जुनं चाक काढलं, घराच्या अंगणात आले आणि दोन्ही चाकं घरंगळत सोडली. जुनं चाक थोडं गेलं आणि कलंडलं. हवा भरलेलं चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, फाटकाच्या खांबाला धडकलं आणि उलट परत फिरलं.

असं का झालं? कडक चाकासमोर बारीकसा खडा आला तरी सगळं चाक वर उचलावं लागतं. प्रत्येक खड्यापाशी थोडा वेग खर्च होतो. हवेचं चाक तो खडा आपल्या पोटात घेतं आणि पुढे जातं. मुलाचे दणके कमी करायला निघालेल्या डनलॉप यांना त्या अंगणात दुसरीच गोष्ट सापडली होती. हवेचं चाक मऊ होतंच, शिवाय ते कमी कष्टात जास्त लांब जात होतं.

आणि इथेच आमच्या गाडीचा वाद येतो. हायब्रिड गाडीचा सगळा हिशोबच मुळी याच गोष्टीवर चालतो. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असते, उतारावर आणि ब्रेक दाबल्यावर मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. एवढं करून वाचवलेलं इंधन टायरने खाऊ नये म्हणून कारखान्यातून येताना अशा गाड्यांना सहसा सहज घरंगळणारे टायर बसवलेले असतात. टायर फिरताना प्रत्येक फेरीत जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा फुगतो. त्यात थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. म्हणूनच लांब पल्ल्यानंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो. ही नासाडी जितकी कमी तितकं मायलेज जास्त.

आमच्या मिस्टरांचं म्हणणं होतं की परत तेच टायर घ्यावेत. माझा जीव मात्र गेल्या जुलैमध्ये अडकला होता. पुण्याहून येताना खंडाळ्याच्या खाली बोरघाटात पाऊस कोसळत होता. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, मिस्टरांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी पाण्यावरून सरकत गेली. ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. घरी येऊन टायर पाहिले. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून आडवे छोटे उंचवटे असतात, खाच १.६ मिलीमीटर उरली की वरचं रबर त्यांच्या पातळीला येतं. आमचे पुढचे दोन टायर तिथपर्यंत आलेच होते. या गाडीला वेग देणं, ब्रेक लावताना वीज बनवणं हे सगळं पुढच्याच चाकांवर, म्हणून झीजही तिथे आधी. पंचेचाळीस हजार किलोमीटर झाले होते आणि आम्ही एकदाही वाकून बघितलं नव्हतं. पैसे जुळेपर्यंत तो पावसाळा कसाबसा जपून काढला, घाट टाळला.

म्हणजे त्या दिवशीचा दोष झिजलेल्या टायरचा होता, जातीचा नव्हता, हा मिस्टरांचा मुद्दा बरोबरच होता. तरी मी हटले नाही. डनलॉप यांनी अंगणात चाक किती लांब जातं एवढंच पाहिलं होतं. ते ओल्या दगडावर किती लवकर थांबतं हे त्या परीक्षेत नव्हतंच. सुरुवातीचे हवेचे टायर गुळगुळीत होते आणि ओल्या रस्त्यावर आडवे घसरतात अशी त्यांची तक्रार असे. खाचा-नक्षी नंतर आली. गंमत अशी की जे रबर रस्त्याच्या खरबरीतपणात दबून शिरतं तेच चांगली पकड धरतं, आणि त्याच दबण्यात ताकद वाया जाते. आमच्या मुलांना हे आगगाडीवरून पटकन कळतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर दबत नाही, म्हणून एवढी लांब गाडी सहज पळते, पण घाटाच्या चढाला पुढच्या एका इंजिनाची ताकद आणि पकड पुरत नाही. कर्जत स्टेशनवर पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं जोडताना त्यांनी पाहिलेलं असतं.

आता रबरात सिलिका मिसळतात, त्यामुळे दोन्ही गुण बऱ्यापैकी एकत्र मिळतात. पण बऱ्यापैकीच. सहज घरंगळणं, ओल्यात पकड आणि जास्त दिवस टिकणं या तिघींचं सवतींसारखं आहे, एकीचं मन राखलं की दुसरी रुसते.

यंदा जूनच्या आधी खोपोलीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी जीपसारखे रुंद, मोठ्या नक्षीचे टायर दाखवले, दिसतात छान म्हणून. ते नको म्हटलं, रुंदी वाढली आणि नक्षी जाड झाली की हायब्रिड घेतल्याचा अर्थच उरत नाही. मग सवलतीतले चार टायर पुढे केले. मी चष्मा लावून कडेवरचे चार आकडे वाचले. शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि साल. त्या टायरचा तेविसावा आठवडा तीन वर्षांपूर्वीचा होता. न वापरता पडून असलेलं रबरही हळूहळू कडक होतं. मला राग आला तो सवलतीचा नाही, न सांगितल्याचा.

आमच्या टायरवर २१५/६० आर १७ आणि पुढे ९६ एच असं लिहिलेलं होतं. २१५ म्हणजे मिलीमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, १७ म्हणजे आतल्या रिमचे इंच. ९६ हा वजनाचा आकडा, एका टायरवर जास्तीत जास्त ७१० किलो. बॅटरीमुळे हायब्रिड गाडी तशाच साध्या गाडीपेक्षा जड असते, म्हणून हा आकडा मूळच्यापेक्षा खाली उतरू द्यायचा नाही. (हे सगळं आकडेमोडीच्या तासाला फार छान वापरता येतं. मुलांनी शाळेबाहेरच्या गाड्यांचे आकडे वहीत उतरवून आणले.)

शेवटी त्याच मापाचे, पण ओल्या रस्त्यावर जास्त पकड देणारे टायर घेतले. हिशोब आम्ही जेवणाच्या टेबलावरच केला होता. महिन्याला १२०० किलोमीटर धरले, लिटरला २४ ऐवजी साडेबावीस किलोमीटर मिळाले, तर साधारण सव्वातीन ते साडेतीन लिटर पेट्रोल जास्त. साडेतीनशे रुपयांच्या आसपास. जे रोज मुंबईच्या सपाट रस्त्यावर गाडी चालवतात त्यांनी कदाचित दुसरा निर्णय घ्यावा. आमच्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पुण्याला जायचं तर घाट चुकत नाही. आणखी एक, ज्यांना दोनच टायर बदलायचे असतील त्यांनी नवे मागे बसवावेत. पटत नाही, पण ओल्या वळणावर मागची चाकं घसरली तर गाडी गोल फिरते आणि मग स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो.

असो. आपण पुन्हा बेलफास्टला जाऊ.

डनलॉप यांनी सायकलला टायर लावून पाहिले आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळालं. लोक त्या जाड्या चाकांना हसत. मग विली ह्यूम नावाच्या तिथल्या सायकलपटूने ती सायकल घेतली आणि १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर उतरला. त्या दिवशीच्या चारही शर्यती त्याने जिंकल्या. हरलेल्यांमध्ये हार्वे द्यु क्रो या उद्योजकाची मुलं होती. चिडण्याऐवजी द्यु क्रो यांनी या टायरची कंपनी काढायचं ठरवलं. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले, बदल्यात थोडे शेअर्स घेतले.

आणि लगेच घाव बसला. हाच शोध आधी लागलेला आहे असं उघडकीला आलं. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा डनलॉप पाच वर्षांचे होते. थॉमसन यांचं चाक घोड्याच्या बग्गीला लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालवूनही दाखवलं होतं. पण तेव्हा सायकलींचं युग आलेलं नव्हतं, रबर महाग होतं, लोक विसरले. थॉमसन १८७३ मध्येच वारले होते. डनलॉप यांचं पेटंट रद्दबातल ठरलं. त्यांना थॉमसनविषयी काहीच माहीत नव्हतं, हे जवळपास सगळेच मान्य करतात. कंपनी टिकली ती रिमवर टायर अडकवण्याची पद्धत आणि हवेचा व्हॉल्व्ह अशी इतरांची पेटंटं विकत घेऊन.

मला इथे थॉमसन यांचं वाईट वाटतं. वर्गात मी दोघांचीही नावं फळ्यावर लिहिते.

डनलॉप यांनी १८९२ मध्ये दवाखाना सोडला आणि ते डब्लिनला राहायला गेले. भागीदारांशी त्यांचं फार काळ जमलं नाही. १८९५ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. त्या रकमेतला मोठा वाटा त्यांच्याकडे आला नाही. कंपनीने त्यांचं नाव ठेवलं आणि दाढीवाला चेहराही, तोच तिचा ट्रेडमार्क झाला. पुढे त्या नावाचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळी नदीकाठी साहागंजलाही निघाला. स्वतः डनलॉप डब्लिनमध्ये कापडाच्या व्यवसायात रमले आणि २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तिथेच वारले. तोवर रस्त्यांवर मोटारी आल्या होत्या आणि हवेच्या टायरवरच धावत होत्या. उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं गेलं.

पाठ संपल्यावर आम्ही मैदानात गेलो. सायकलची दोन चाकं घेतली, एकात हवा टच्च भरलेली, दुसऱ्यात अर्धी. एकाच रेषेवरून, एकाच उतारावरून सोडली. भरलेलं चाक कुंपणापर्यंत गेलं, अर्धं चाक निम्म्यातच आडवं झालं. मुलांनी टेपने अंतर मोजून वहीत लिहिलं. मग चौथीतल्या एका मुलीने बादलीभर पाणी आणून उतारावर ओतलं आणि पुन्हा सोडूया का म्हणून माझ्याकडे बघत उभी राहिली.