बालवीरांचे जनक बेडन पॉवेल



आपल्या स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रे नेहमी येतात. ती बहुधा संतांची किंवा देशभक्तांची असतात. यंदा मी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे चरित्र लिहावयास घेतले, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. परंतु माझी धाकटी मुलगी शाळेच्या गाईड पथकात आहे, आणि तिला शिबिरास पाठवावे की नाही यावरून आमच्या घरी दोन रात्री वाद चालला. मुलीच्या जातीने तंबूत का राहावे, आणि तेही या वाघाच्या मुलखात, असे सासूबाईंचे म्हणणे. तेव्हा हे खूळ (शब्द सासूबाईंचा) ज्या गृहस्थाने काढले तो होता तरी कोण, हे मी मिळेल तेथून वाचून काढले.

रॉबर्ट बेडन पॉवेल यांचा जन्म लंडन शहरी २२ फेब्रुवारी १८५७ रोजी झाला. वडील धर्मोपदेशक होते व ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असताना ते वारले, आणि त्या वेळी घरातले सर्वांत धाकटे मूल अवघे तीन आठवड्यांचे होते. चरित्रे लिहिणारे येथे दोन ओळी लिहून पुढे लढाईकडे धावतात. मला मात्र येथेच थांबावेसे वाटते. आई हेन्रिएटा हिने मुलांना पदराखाली झाकून ठेवले असते, तर तिला कोणी नाव ठेवले नसते. पण तिने तसे केले नाही. थोरला वॉरिंग्टन धाकट्या भावांना होडीतून समुद्रावर नेई, आणि ती जाऊ देई. होडीत थोरल्याने हुकूम करावयाचा आणि धाकट्यांनी पडेल ते काम करावयाचे, अशी रीत होती. पुढे लक्षावधी मुलांना रॉबर्टने जे शिकविले, त्याचे मूळ मला या होडीत दिसते. कोणी म्हणेल की लिहिणारी आई आहे म्हणून तिला तसे दिसते. तर तसे समजा.

त्याची चार्टरहाउस नावाची शाळा १८७२ साली लंडनहून बाहेर खेड्याकडे हलविली गेली. शाळेलगतच्या झाडीत जाण्यास मुलांना मनाई होती. हा नेमका तेथेच लपे, सशाला फास लावी, आणि मास्तरांना पत्ता लागू नये म्हणून धूर न होऊ देता जाळ करून तो शिजवी. धूर न होऊ देता लाकडे पेटविणे किती कठीण, हे चुलीपुढे बसलेल्या बाईला सांगावयास नको.

ऑक्सफर्डला त्याला प्रवेश मिळाला नाही. सैन्याच्या परीक्षेत मात्र तो वरच्या क्रमांकाने पास झाला आणि १८७६ साली, एकोणिसाव्या वर्षी, लखनौच्या घोडदळात दाखल झाला. हिंदुस्थानात आणि पुढे आफ्रिकेत जमिनीवरच्या खुणा वाचण्याची विद्या त्यांनी मिळविली, आणि शिपायांना लहान लहान टोळ्या करून ती शिकविली. त्यावर लिहिलेले पुस्तक १८९९ साली निघाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंग गावाला बोअर लोकांनी वेढा घातला. तो १७ मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस चालला. गावाच्या रक्षणाची जबाबदारी बेडन पॉवेल यांच्यावर होती. मोठी माणसे खंदकात अडकलेली, म्हणून गावातल्या मुलांचे पथक केले गेले. निरोप पोचविणे, पहारा ठेवणे ही कामे मुलांनी चोख केली. मुलावर खरे काम सोपविले की तो ते पार पाडतो, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. वेढा उठल्यावर इंग्लंडात त्यांचा फार जयजयकार झाला. परंतु त्याच वेढ्यात तेथल्या काळ्या लोकांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा फार कमी अन्न आले आणि कितीतरी उपासमारीने मेले. चरित्र लिहावयाचे तर हेही लिहिले पाहिजे.

मायदेशी परतल्यावर त्यांना दिसले की त्यांचे शिपायांसाठीचे पुस्तक शाळामास्तर मुलांना शिकवीत आहेत. मग त्यांनी १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी नावाच्या बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. काही मुले बड्या शाळांतली, तर काही कामकऱ्यांच्या घरची होती. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येकाला एक संघनायक दिला. नायकही मुलगाच, आणि आपल्या संघाची जबाबदारी त्याच्यावर. पहाटे आफ्रिकेतल्या हरणाच्या शिंगाचा तुताऱ्यासारखा आवाज करून मुलांना उठवीत. दोरांच्या गाठी, चूल मांडणे, स्वयंपाक, जखम बांधणे, पायाचे ठसे ओळखणे असे सारे शिक्षण हाताने करून घेण्याचे होते. गळ्यातला रुमालही शोभेचा नसतो. मोडलेला हात झोळीत घालण्यास तोच कामी येतो.

हे वाचताना मला आपल्या मोहफुले वेचणाऱ्या बायांची आठवण झाली. पहाटे धुळीतला ठसा पाहून वाघ कोठून कोठे गेला, ताजा की रात्रीचा, हे त्या सांगतात. सासूबाईंनाही ते येते. त्यांना कोणी बिल्ला दिला नाही इतकेच. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या प्रथम हसल्या, मग म्हणाल्या की शिबिर कोठे आहे आणि सोबत कोण बाई आहेत ते आधी विचारून ये. ते विचारणे योग्यच होते. शाळेच्या आवारात शिबिर, सोबत दोन शिक्षिका, असे कळल्यावर मुलगी गेली.

मुलांसाठीचे त्यांचे पुस्तक १९०८ साली हप्त्याहप्त्याने निघाले, आणि कोणी न सांगता गावोगावी मुलांनी आपले संघ उभे केले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला बालवीरांचा मेळावा भरला. तेथे काही मुलीही तसाच वेष करून हजर झाल्या आणि आम्हांलाही घ्या म्हणाल्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. बेडन पॉवेल यांनी मुलींना मुलांच्या पथकात घेतले नाही, पण परतही लावले नाही. १९१० साली त्यांच्यासाठी वेगळी संघटना निघाली आणि ती त्यांनी आपली बहीण ॲग्नेस हिच्याकडे सोपविली. ही बाई भावाबरोबर विमानाच्या खटपटी करणारी आणि फुग्यातून आकाशात जाणारी होती! गाईड हे नाव आपल्या वायव्य सरहद्दीवरच्या एका पलटणीचे. १९१२ साली त्यांनी ओलेव्ह हिच्याशी लग्न केले. वय तिचे तेवीस, यांचे पंचावन्न. जन्मतारीख मात्र दोघांची एकच. पुढे १९३० साली ती जगातल्या गाईडांची प्रमुख झाली.

लहान मुलांसाठी १९१६ साली कबचे पथक निघाले. त्यासाठी किपलिंगच्या मोगलीची गोष्ट घेतली. ती गोष्ट शिवनीच्या डोंगरातली, आणि त्यातली नदी म्हणजे आपली वैनगंगा. ती शिवनीकडे उगम पावते आणि भंडाऱ्यावरून आपल्या आरमोरीकडे येते. परदेशातली मुले जिचे नाव घेऊन खेळली, तिच्या काठी आपण राहतो.

हिंदुस्थानात १९०९ साली बालवीर पथके निघाली ती गोऱ्यांच्या मुलांसाठी. १९११ साली देशातले पहिले गाईड पथक जबलपूरला निघाले. तेव्हा ते आणि आपला चांदा जिल्हा एकाच मध्यप्रांतात होते. आपल्या मुलांना मात्र दार बंद. मग ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासला स्वतंत्र संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, नागपूरचे विवियन बोस यांनीही देशी मुलांसाठी खटपट केली. १९२१ साली बेडन पॉवेल पती-पत्नी येथे आली, तेव्हा बेझंटबाईंची संघटना त्यांच्या संघटनेत मिळाली. १९३७ साली ते दिल्लीच्या मेळाव्यास आले. पण पुढे हिंदी लोकांच्या स्वभावाविषयी त्यांनी जे उद्गार काढले त्याने लोक दुखावले, आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन वेगळी निघाली. मुलांवर एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाला आपल्या लोकांवर तो टाकता आला नाही, याचे मला वाईट वाटले. विद्या आपण घेतली आणि ती आपली करून घेतली, हे बरे केले.

शेवटची वर्षे त्यांनी आफ्रिकेत केनिया देशात न्येरी येथे काढली. ८ जानेवारी १९४१ रोजी ते वारले. त्यांच्या थडग्यावर वर्तुळ आणि मध्ये ठिपका कोरला आहे. रानात वाट दाखविताना ही खूण घरी गेलो या अर्थाने काढतात.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी येथल्या संघटना एक होऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईडही तीत आल्या. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुण्यात संगम हे गाईडांचे जागतिक केंद्र उघडले, ते ओलेव्हबाईंच्या हस्ते. आमच्या मुलीचा प्रथम सोपान झाला आहे. द्वितीय, तृतीय आणि राज्य पुरस्कार अजून पुढे आहेत. शिबिरातून आल्यावर तिने न्हाणीजवळ तीन बांबू बांधून भांड्यांचा मांडव केला आहे. गाठी पक्क्या आहेत. सासूबाई त्यावर रोज घागर ठेवतात.