साडीतील मरियामाता रंगविणारा चित्रकार : अँजेलो दा फोन्सेका

येशू ख्रिस्ताचा जन्म आशिया खंडात झाला. तरीही आपल्या बहुतेक मंदिरांतील आणि घरांतील त्याची चित्रे युरोपीय चेहऱ्याची असतात. ख्रिस्त आणि मरियामाता यांना भारतीय रूप देण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्यांत गोमंतकीय चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. या कार्याची मोठी किंमत त्यांना आपल्याच श्रद्धावंत बांधवांकडून मोजावी लागली.

अँजेलो यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावरील गावी, एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. घरच्यांच्या अपेक्षेप्रमाणे त्यांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला, परंतु मन रमेना. ते शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील शिक्षणावर त्या काळी पाश्चात्त्य वळणाचा पगडा होता. आपली चित्रकला आपल्याच मातीतून उगवली पाहिजे, या ओढीने त्यांनी बंगालची वाट धरली. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे त्यांना गुरू म्हणून लाभले.

या गुरूंच्या कलेमागे पूर्व आशियाची मोठी परंपरा उभी होती. १९०३ साली योकोयामा तायकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यास आले होते. त्यांची पद्धती पाहून अवनींद्रनाथांनी आपले जलरंगाचे तंत्र घडविले. कागदावर पातळ रंग द्यावा, कागद पाण्यात भिजवावा, सुकू द्यावा आणि पुन्हा रंग द्यावा. असे अनेकदा केल्यावर धुक्यातून दिसावे तसे चित्र उमलते. जपानी कलेच्या या प्रवाहाचे मूळ चीनच्या शाई आणि पाण्याने डोंगर-नद्या रंगविण्याच्या प्राचीन कलेत आहे. नंदलाल बोस तर १९२४ साली रवींद्रनाथांसमवेत चीन व जपान येथे जाऊन आले होते. हाच वारसा घेऊन अँजेलो १९३१ च्या सुमारास गोव्यास परतले.

गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. अँजेलो यांच्या चित्रांतील मरियामाता साडी नेसलेली, सावळी, अनवाणी होती. तिचा बाळ या देशातील बाळांसारखा दिसत होता. अनेकांना हा पावित्र्यभंग वाटला. धर्मगुरू आणि प्रापंचिक या दोहोंकडून टीकेचा भडिमार झाला. जन्मभूमीत आपल्या कलेला स्थान नाही, हे ओळखून त्यांनी गोवा सोडला.

पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. फादर जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी हा आश्रम स्थापन केला होता. तेथील ख्रिस्ती साधक भारतीय पद्धतीने साधेपणाने राहत. अँजेलो स्वतः निष्ठावंत कॅथलिक होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. मात्र त्यांच्या कुंचल्याला निवारा मिळाला तो दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या अंगणात. ख्रिस्ती ऐक्याची चळवळ आपल्याकडे रुजण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आपल्या ख्रिस्तसभेतही त्यांचे चाहते होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना सतत प्रोत्साहन दिले. १९५० या पवित्र वर्षी रोममध्ये भरलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडण्यात आली. गोव्यात जी चित्रे नाकारली गेली, ती खुद्द रोममध्ये पाहिली गेली.

१९५१ साली त्यांचा विवाह आयव्ही मिनेझिस यांच्याशी झाला. पुढील काळातील त्यांच्या अनेक मरियाचित्रांत पत्नीच्या चेहऱ्याची छाया आढळते. या दांपत्यास एक कन्या झाली. २८ डिसेंबर १९६७ रोजी मेंदूज्वराने अँजेलो यांचे पुण्यात निधन झाले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी दुसरी व्हॅटिकन परिषद समाप्त झाली होती. प्रत्येक लोकसमूहाच्या संस्कृतीला आणि कलेला उपासनेत सन्मानाचे स्थान असल्याचे परिषदेने मान्य केले होते. अँजेलो तीस वर्षांहून अधिक काळ हेच काम करीत आले होते. त्यांच्या पत्नीने जपून ठेवलेला चित्रसंग्रह पुढे गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. ज्या भूमीने त्यांना दूर लोटले होते, तेथेच त्यांची चित्रे परतली.

त्यांच्याआधी चीनमध्येही अशीच एक वाट चोखाळली गेली होती. वू ली (१६३२–१७१८) हे चीनच्या नामांकित निसर्गचित्रकारांपैकी एक. मकाव येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १६८८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. धर्मगुरू झाल्यावरही त्यांनी आपली चिनी चित्रशैली टाकली नाही. श्रद्धा स्वीकारताना आपली माती सोडावी लागत नाही, ही या दोघांच्या जीवनाची साक्ष आहे.

अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. स्थानिक दगडातून आणि स्थानिक कारागिरांच्या हातांतून लोकांची भक्ती कशी आकार घेते, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरात मराठी, कोंकणी, तमिळ, मल्याळम अशा विविध भाषा बोलणारे ख्रिस्ती बांधव एकत्र उपासना करतात. येत्या नाताळात आपण गोठा सजवू, तेव्हा त्यातील मरियेच्या अंगावर कोणते वस्त्र असावे, याचा विचार आपल्या घरातील मुलांसमवेत जरूर करावा. अँजेलो दा फोन्सेका यांना याहून उचित श्रद्धांजली ती कोणती?