निर्वासितांचा कैवारी

मनुष्याजवळ धडधाकट शरीर, बुद्धी आणि विद्या असली, तरी जगात वावरण्यास तेवढे पुरे पडत नाही. तो कोण, कोठला आणि संकटसमयी त्याचे रक्षण करणारे राज्य कोणते, हे सांगणारा एक कागद त्याच्याजवळ असावा लागतो. स्वदेशात सुखाने राहणाऱ्याला या कागदाची आठवणही होत नाही. परंतु युद्धामुळे अथवा राज्यक्रांतीमुळे ज्याला देशोधडीला लागावे लागते, त्याला पावलोपावली त्याची उणीव भासते. अशा लाखो निराधार लोकांना तो कागद मिळवून देणाऱ्या थोर पुरुषाचे नाव फ्रिट्यॉफ नान्सेन.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ झाला. ख्रिस्तियानिया या नावाने त्या काळी ओळखले जाणारे ते शहर आज ऑस्लो म्हणून प्रसिद्ध आहे. वडील वकील होते व घरात शिस्त कडक होती. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची कला नॉर्वेतील मुले लहानपणीच शिकतात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. नान्सेन त्या कलेत तरबेज झाला. रानावनांत एकट्याने भटकणे, थोडक्या शिधासामग्रीवर दिवस काढणे आणि थंडीवाऱ्याची पर्वा न करणे, या सवयी त्याला तेव्हाच जडल्या. विश्वविद्यालयात त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला व सागरी जीवांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून १८८८ साली डॉक्टरची पदवी मिळवली.

त्याच वर्षी त्याने ग्रीनलंडचे बर्फाचे पठार ओलांडण्याचा बेत केला. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वस्ती होती. पूर्व किनारा जवळजवळ निर्मनुष्य होता. त्याच्यापूर्वीच्या प्रवाशांनी वस्तीच्या बाजूने आत शिरण्याचा प्रयत्न केला होता आणि संकट दिसताच ते मागे फिरले होते. नान्सेनने उलट विचार केला. निर्जन किनाऱ्यावरून निघाल्यास मागे फिरण्यात काहीच अर्थ उरणार नाही. पुढे जाणे हाच जगण्याचा एकमेव मार्ग राहील. तो व त्याचे पाच सोबती असे सहा जण निघाले आणि भयंकर थंडीला तोंड देत १८८८ च्या शरद ऋतूत पश्चिम किनाऱ्यावर सुखरूप पोहोचले. परतीचे जहाज निघून गेल्यामुळे तो हिवाळा त्यांना तेथेच काढावा लागला. तेथील मूळ रहिवाशांच्या घरांत राहून नान्सेनने त्यांची भाषा व राहणी जाणून घेतली.

यानंतरचे त्याचे साहस याहूनही अद्भुत होते. सैबेरियाच्या उत्तरेस १८८१ साली बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले होते. त्यावरून ध्रुवप्रदेशातील बर्फ एका बाजूकडून दुसरीकडे वाहत जात असला पाहिजे, असे नान्सेनने अनुमान काढले. मग बर्फाशी झुंजण्याऐवजी त्याच्याबरोबरच वाहत जावे, असे त्याने ठरवले. त्यासाठी त्याने गोलाकार बुडाचे एक मजबूत जहाज बांधवून घेतले. बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबले की हे जहाज चिरडले न जाता वर उचलले जाई. जहाजाचे नाव होते फ्राम, म्हणजे पुढे. अनेक जाणत्या लोकांनी या बेताला वेडेपणा ठरवले. तरीही १८९३ च्या जूनमध्ये बारा सोबत्यांसह नान्सेन निघाला.

जहाज ठरल्याप्रमाणे बर्फात अडकले आणि वाहू लागले; पण ते प्रत्यक्ष ध्रुवापर्यंत जाणार नाही, असे दिसून आले. तेव्हा मार्च १८९५ मध्ये नान्सेन व त्याचा सोबती योहान्सेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन पायी निघाले. ते ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेस कोणीही गेले नव्हते. पुढे जाणे अशक्य झाल्यावर ते परत फिरले. दगडांची भिंत रचून व वॉलरसच्या कातड्याचे छप्पर घालून केलेल्या एका झोपडीत त्यांनी ध्रुवप्रदेशातील दीर्घ हिवाळा काढला. पुढच्या प्रवासात एकदा त्यांच्या एकत्र बांधलेल्या दोन्ही नावा किनाऱ्यापासून सुटून वाहत निघाल्या. अन्न आणि बंदुका सर्व त्यांतच होते. नान्सेनने तत्काळ गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेतली आणि अंग बधिर होत असतानाही पोहत जाऊन नावा परत आणल्या. १८९६ साली तो मायदेशी परतला. थोड्याच दिवसांत फ्राम जहाजही आले. तेराही माणसे जिवंत होती.

या पराक्रमामुळे नान्सेनची कीर्ती सर्वत्र पसरली. तो प्राध्यापक झाला व सागराच्या प्रवाहांचे संशोधन करू लागला. नॉर्वे १९०५ साली स्वीडनपासून स्वतंत्र झाला, तेव्हा त्याने देशासाठी मोठी कामगिरी बजावली आणि पुढे दोन वर्षे लंडनमध्ये नॉर्वेचा राजदूत म्हणून काम केले. एवढ्यावरच त्याचे चरित्र संपले असते, तरी ते स्मरणीय ठरले असते. परंतु त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य उतारवयात त्याच्या वाट्यास यावयाचे होते.

पहिले महायुद्ध १९१८ साली थांबले. जगात शांतता नांदावी म्हणून राष्ट्रसंघ स्थापन झाला. युद्ध संपून दीड वर्ष लोटले, तरी लाखो युद्धकैदी परक्या देशांतील छावण्यांत खितपत पडले होते. कोणी सैबेरियात होते, कोणी जर्मनीत. त्यांना घरी पोहोचवण्याचे काम १९२० साली राष्ट्रसंघाने नान्सेनवर सोपवले. हाताशी पैसा थोडा होता आणि एकमेकांचे तोंडही न पाहणारी सरकारे समोर होती. नान्सेनने सर्वांशी बोलणी केली, जहाजे व आगगाड्या मिळवल्या आणि १९२२ पर्यंत सुमारे ४ लक्ष २७ हजार कैदी स्वगृही पोहोचवले.

हे काम चालू असतानाच दुसरा बिकट प्रश्न उभा राहिला. रशियात १९१७ साली राज्यक्रांती झाली व त्यानंतर यादवी युद्ध भडकले. रशिया, युक्रेन व आसपासच्या प्रदेशांतून असंख्य कुटुंबे बाहेर पडली. नोव्हेंबर १९२० मध्ये एकट्या क्रीमियातून सुमारे दीड लक्ष माणसे जहाजांत दाटीवाटीने बसून कॉन्स्टँटिनोपलला आली. पुढे १९२१ च्या अखेरीस सोव्हिएट सरकारने अशा बहुतेक लोकांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यामुळे त्यांची स्थिती फार विचित्र झाली. त्यांच्याजवळची पारपत्रे ज्या राज्याने दिली होती, ते राज्यच उरले नव्हते. पारपत्र नाही म्हणून शेजारचा देश आत घेत नसे. आत आल्यास राहण्याचा परवाना मिळत नसे. परवाना नाही म्हणून काम मिळत नसे. आणि काम नाही म्हणून उपासमार होई. डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, शिंपी, सगळ्यांची गत एकच. हद्दीच्या एका बाजूचे शिपाई त्यांना ढकलीत आणि दुसऱ्या बाजूचे परत लोटीत.

राष्ट्रसंघाने १९२१ साली नान्सेनला या निर्वासितांचा उच्चायुक्त नेमले. केवळ अन्नवस्त्र वाटून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्याने ओळखले. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हा येथे अनेक सरकारांचे प्रतिनिधी जमले. एखाद्या निर्वासिताला तो जेथे असेल त्या देशाच्या सरकारने ओळखपत्र द्यावे व इतर देशांनी ते मान्य करावे, असे तेथे ठरले. या पत्रकाला लोक नान्सेन पारपत्र म्हणू लागले. पुढे ५० हून अधिक सरकारांनी ते मान्य केले. त्यावर डकवावयाच्या तिकिटावर नान्सेनचेच चित्र असे आणि तिकिटाचे पैसे गरजू निर्वासितांसाठी खर्च होत. रशियन निर्वासितांमागोमाग १९२४ साली आर्मेनियन निर्वासितांनाही हे पत्रक मिळू लागले. प्रसिद्ध संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शागाल यांनीही एके काळी याच कागदावर प्रवास केला.

या पारपत्राला मर्यादा होत्या. ते थोड्या मुदतीचे असे. ते हाती असले म्हणून कोणताही देश आत घेण्यास बांधलेला नव्हता आणि त्याने नागरिकत्वही मिळत नसे. तरीही ज्याला जगात काहीच ओळख उरली नव्हती, त्याला त्यामुळे नाव मिळाले. काम असेल तेथे जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

याच सुमारास, १९२१ साली, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात आणि दक्षिण युक्रेनमध्ये भीषण दुष्काळ पडला. नान्सेनने राष्ट्रसंघात सरकारांपुढे मदतीसाठी पदर पसरला; परंतु सोव्हिएट सरकारविषयीच्या द्वेषामुळे त्यांनी कर्ज देण्याचे नाकारले. नान्सेन खचला नाही. तो स्वतः दुष्काळी मुलखात गेला, तेथील छायाचित्रे आणली आणि गावोगाव व्याख्याने देऊन लोकांकडून मदत गोळा केली. १९२२ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्याने मदतकार्यासाठीच दिली. अनाथ आर्मेनियन लोकांना कायमची वस्ती करून देण्याचा त्याचा बेत मात्र पैशाअभावी अपुरा राहिला. हे शल्य त्याच्या मनात अखेरपर्यंत होते. १३ मे १९३० रोजी त्याचे देहावसान झाले.

नान्सेन गेला, परंतु त्याने घालून दिलेली वाट बुजली नाही. त्याच्या नावाने चाललेल्या निर्वासित कार्यालयास १९३८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमला आणि १९५१ च्या कराराने निर्वासितांच्या प्रवासपत्राला कायद्याचा आधार दिला. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला आणि लाखो युक्रेनी लोक, त्यांत मुख्यतः स्त्रिया व मुले, घरदार सोडून शेजारच्या देशांत आले. तेव्हा ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने त्यांना तात्पुरते संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. प्रत्येकाचा अर्ज वेगळा तपासत न बसता त्यांना राहण्याचा परवाना, काम करण्याची मुभा, औषधोपचार आणि मुलांना शाळा मिळावी, अशी ही व्यवस्था होती. नान्सेनचा नॉर्वे युरोपीय संघात नाही; तरीही त्याने त्याच महिन्यात अशीच व्यवस्था केली. अर्थात तात्पुरता आसरा म्हणजे कायमचे घर नव्हे. मुदत संपल्यावर काय, ही चिंता नान्सेनच्या काळातील निर्वासितांप्रमाणे याही लोकांना सोडीत नाही.

आपल्या महाराष्ट्रानेही अशा पाहुण्यांना आसरा दिला आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे हजारो पोलिश निर्वासित काही वर्षे राहिले होते. त्यांच्यापैकी अनेकांची मूळ गावे आज युक्रेनच्या हद्दीत आहेत.

ध्रुवाच्या बर्फात नान्सेनने जे धैर्य दाखवले, ते सर्वांच्या नजरेत भरले. परंतु कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून, नकार पचवून, परक्या माणसांसाठी एक कागद मिळवण्यास त्याहून मोठे धैर्य लागले. बर्फावर त्याने बारा सोबत्यांचे प्राण सांभाळले. जमिनीवर ज्यांचे नावही त्याला ठाऊक नव्हते, अशा लाखोंना त्याने आपले मानले. म्हणूनच जग त्याला ध्रुवप्रदेशाचा संशोधक म्हणून ओळखते आणि निर्वासितांचा कैवारी म्हणून वंदन करते.