मुतखड्याची मुले आणि मिरजेचे डॉ. वानलेस

लघवीला बसले की मूल किंचाळते, थेंब थेंब होऊन धार तुटते, वेदनेने ते जमिनीवर लोळते आणि तासाभराने पुन्हा तेच. एकोणिसाव्या शतकात भारताच्या अनेक भागांत मूत्राशयातील खड्याने पिडलेली अशी मुले सर्रास आढळत. हा आजार प्रामुख्याने गरिबांच्या घरचा. दूधदुभते नाही आणि आहार बहुतांशी धान्याचा, त्यातून हे खडे बनतात, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. सुश्रुतानेही हा विकार मुलांमध्ये विशेष होतो, असे नोंदवून शस्त्रक्रियेची रीत सांगितली होती. शिवणीच्या डावीकडे, यवमात्र अंतर सोडून छेद घ्यावा, पण त्याआधी राजाची अनुमती घ्यावी. शस्त्र न लावल्यास मृत्यू निश्चित आणि लावल्यास जगण्याविषयी संशय, असा तो प्रसंग. काळाच्या ओघात शास्त्र मागे पडले आणि तो संशय मात्र लोकांच्या मनात राहिला.

या संशयाशी ज्यांची गाठ पडली ते विल्यम जेम्स वानलेस १८६५ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात जन्मले. न्यूयॉर्कला वैद्यकाची पदवी घेऊन १८८९ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने पश्चिम भारतात आले. वय अवघे चोवीस. आरंभी त्यांनी सांगलीत दवाखाना चालविला आणि नंतर मिरज ही आपली कर्मभूमी केली. धर्मप्रसार हा मिशनचा उद्देश होता आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. रुग्णांनाही तो ठाऊक होता. तरीही ते येत राहिले, ही गोष्ट त्या काळच्या सोवळ्याओवळ्याचा विचार करता लहान म्हणता येणार नाही.

मिरजेची निवड पुढे फार मोलाची ठरली. पुण्याहून निघालेला सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण झाला होता आणि मिरज हे त्यावरील महत्त्वाचे जंक्शन बनले. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. बैलगाडीने स्टेशन गाठावे आणि आगगाडीने मिरजेला उतरावे, ही वाट त्या मुलखातील आजाऱ्यांना खुली झाली. मिरज संस्थानचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव बाळासाहेब पटवर्धन यांनी जागा दिली. इमारतीसाठी पैसा आला तो फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून. हे गृहस्थ बाल्डविन या आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्याचे चालक, हा योगायोगच म्हणायचा. १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले.

वानलेस यांची कीर्ती झाली ती शस्त्रक्रियांमुळे. मोतीबिंदू काढल्यावर आंधळा माणूस पाहू लागतो आणि खडा काढल्यावर मूल शांत झोपते. या दोन गोष्टींना दाखल्याची गरज नसते. क्लोरोफॉर्म आणि निर्जंतुक हत्यारे यांमुळे पूर्वीचा जीवघेणा छेद बराच सुरक्षित झाला होता. लहान मुलाचा मूत्रमार्ग अरुंद असला तरी त्यातून उपकरण घालून खडा आतच फोडता येतो, हे इंदूरचे सर्जन डॉ. कीगन यांनी १८८० च्या दशकात सिद्ध केले होते.

मात्र केवळ स्वतःच्या हातावर विसंबून न राहण्याचे शहाणपण वानलेस यांच्याकडे होते. १८९७ मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू केली. त्यांच्या चरित्रातील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच. तेथे शिकलेल्या डॉक्टरांमुळे मिरजेची विद्या मिरजेबाहेर पोहोचली. १९०६ मध्ये मेरी यांचे निधन झाले. कोल्हापूरचे मेरी वानलेस रुग्णालय त्यांच्याच नावाने उभे आहे. सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापन झाले आणि त्या परिसराला वानलेसवाडी हे नाव पडले.

त्या पिढीच्या शस्त्रविद्येला एक मर्यादाही होती. खडा सळईला लागतो आणि हातात धरून आईबापांना दाखविता येतो. पण मूत्रमार्गातील जन्मजात दोष असे हाती लागत नसत. मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. मूत्राशय भरले की ती दाबली जाऊन बंद होते आणि लघवी मागे फिरत नाही. हा तिरकेपणा जन्मतःच कमी असेल, किंवा पुढे मूत्रमार्गात पडदा असेल, तर लघवी उलट वर चढते आणि जंतुसंसर्ग झाला की मूत्रपिंडावर व्रण पडतात. अशा मुलाला वरचेवर ताप येतो आणि ते वाळत जाते. तपासून पाहणाऱ्या डॉक्टरला बाहेरून काहीच दिसत नाही. मूत्रमार्गातील अशा पडद्यांचे व्यवस्थित वर्णन बाल्टिमोरच्या ह्यू यंग यांनी १९१९ मध्ये केले, तेव्हा वानलेस यांची मिरजेतील तीन दशके होत आली होती. तापाच्या नावाखाली किती मुले आली आणि परत गेली, याचा हिशेब त्या काळातील कोणत्याच रुग्णालयाला देता आला नसता.

१९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस परतले आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा देहान्त झाला.

मूत्रवाहिनीला मूत्राशयाच्या भिंतीत पुन्हा पुरेसा लांब बोगदा करून देण्याची शस्त्रक्रिया त्यानंतरची. अमेरिकन सर्जन हच यांनी १९५२ मध्ये तिची दिशा दाखविली आणि पोलितानो व लेडबेटर यांनी १९५८ मध्ये तिला पक्के रूप दिले. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे विद्यार्थी रुग्णांजवळ उभे राहून शिकू लागले ते वानलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयातच, आणि तोपर्यंत ही शस्त्रक्रिया चार वर्षे जुनी झाली होती.