उप्सालाचा हट्टी विद्यार्थी : स्वांते अऱ्हेनियस

दिवाळी अंकात रसायनशास्त्र? घाबरू नका मंडळी, समीकरणं नाहीत. पण आपण बहारीनकर ज्या भाषेत रोज ‘शुक्रन’ म्हणतो, त्याच भाषेतून ‘अल्कली’ हा शब्द जगभर गेला, हे किती जणांना ठाऊक आहे? अरबीतलं ‘अल-कली’ म्हणजे खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. ती पाण्यात कालवायची, पाणी गाळायचं, आटवायचं. मागे उरतो तो खार. साबण आणि काच करायला तो लागायचा. आपला पापडखार, साजीखार याच कुटुंबातले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे प्रकार सांगितलेत, आणि क्षार लावल्यानंतर त्या जागी आंबट पदार्थ लावून त्याचा जोर मोडायचा उपायही दिलाय. (शाळेच्या पुस्तकाने मात्र गोंधळ करून ठेवला. तिथे ‘क्षार’ म्हणजे मीठ आणि खार तो ‘आम्लारी’. मुलांना मराठीतून शिकवायला बसलेल्या आईबाबांनी हे लक्षात ठेवावं.)

म्हणजे आंबट आणि खार एकमेकांना मारतात हे माणसाला हजारो वर्षं माहीत होतं. हळदीला चुना लावला की ती लाल होते हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. हळदीचं कुंकू त्यावरच होतं. पण आंबट म्हणजे नेमकं काय? अठराव्या शतकात फ्रान्सच्या लव्हाझिएला वाटलं की सगळ्या आम्लांत प्राणवायू असतोच, म्हणून त्याने त्या वायूचं नावच ‘आम्ल करणारा’ अशा अर्थाचं ठेवलं. ऑक्सिजन! पुढे हम्फ्री डेव्हीने दाखवलं की मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा पत्ताच नाही. नाव तेवढं चिकटून राहिलं ते राहिलंच. प्रश्नाचं बरचसं समाधानकारक उत्तर यायला आणखी पाऊणशे वर्षं जावी लागली, आणि ते दिलं एका अशा विद्यार्थ्याने, ज्याला त्याच्या विद्यापीठाने जेमतेम पास केलं होतं.

स्वांते अऱ्हेनियसचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ चा, स्वीडनमधल्या उप्सालाजवळच्या वीक गावचा. वडील जमीनमोजणी करणारे. पोरगं तिसऱ्या वर्षी आपलं आपण वाचायला शिकलं आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या बघता बघता बेरजा करायला लागलं, असं सांगतात. उप्सालाच्या विद्यापीठात गेल्यावर मात्र त्याचं तिथल्या प्राध्यापकांशी जमेना. १८८१ मध्ये तो सरळ स्टॉकहोमला गेला आणि विज्ञान अकादमीत एडलुंड यांच्या हाताखाली काम करू लागला. विषय वरवर अगदी रुक्ष : पाण्यात वेगवेगळे पदार्थ विरघळवायचे आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं.

इथे जरा थांबू या, कारण हे मोजमाप आपल्या स्वयंपाकघरात आजही होतं. बहारीनच्या नळाला येणारं पाणी बहुतांशी समुद्राचं, गोडं केलेलं. घरचा फिल्टर बदलायला माणूस आला की तो पेल्यात पेनासारखं एक यंत्र बुडवतो आणि टीडीएसचा आकडा दाखवतो. ते यंत्र पाण्यातलं मीठ मोजत नाही बरं का! ते फक्त वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज बांधतं. पेल्यात साखर घालून बघा, आकडा जवळजवळ हलणार नाही. चिमूटभर मीठ घाला, उडी मारेल. साखर विरघळते आणि मीठही विरघळतं, मग हा फरक का?

अऱ्हेनियसला दिसलं की मिठासारखा पदार्थ पाण्यात गेला की त्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर विजेचा भार असतो. ‘आयन’ हा शब्द फॅरेडेने १८३४ मध्येच दिला होता, पण वीज सोडली की आयन तयार होतात असा समज होता. अऱ्हेनियसचं म्हणणं असं, की वीज सोडा नाहीतर सोडू नका, आयन पाण्यात आधीपासूनच मोकळे फिरत असतात. १८८४ मध्ये त्याने सुमारे दीडशे पानांचा फ्रेंच प्रबंध उप्सालाला सादर केला. त्यात हा विचार पुरता उघड मांडलेला नव्हता, तरी परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्याच. रसायनाचे प्राध्यापक क्लीव्हे हे काही सामान्य गृहस्थ नव्हेत. होल्मियम आणि थुलियम ही दोन मूलद्रव्यं त्यांनी शोधलेली. अऱ्हेनियस उत्साहाने आपली कल्पना सांगायला गेला, तर त्यांनी सभ्यपणे दोन शब्द बोलून त्याची बोळवण केली. प्रबंधाला चौथा दर्जा आणि तोंडी बचावाला जरा वरचा. थोडक्यात, विद्यापीठात शिकवण्याची दारं बंद.

परीक्षकांना मी फार दोष देणार नाही. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरीन हा विषारी हिरवट वायू. हे दोघं सुटे होऊन आपल्या आमटीत सुखाने पोहतात, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? भार असलेला आयन आणि साधा अणू यांचे स्वभाव साफ वेगळे, हे तेव्हा कुणाच्या पचनी पडत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोधही १८९७ चा, म्हणजे पुढचाच.

पठ्ठ्याने हार मानली नाही. प्रबंधाच्या प्रती त्याने युरोपातल्या मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगातल्या विल्हेल्म ओस्टवाल्डला तो प्रबंध, दाढदुखी आणि नुकतीच जन्मलेली मुलगी हे तिन्ही एकाच दिवशी मिळाले, आणि रात्रभर तिन्हींनी झोप उडवली, असं ओस्टवाल्ड पुढे सांगत असे. तो स्वतः आम्लांच्या रासायनिक जोरावर काम करत होता. वीज चांगली वाहून नेणारी आम्लंच रासायनिक क्रियेतही जोरकस असतात, हा मेळ त्याने ताबडतोब ओळखला. त्याच उन्हाळ्यात तो स्वतः उप्सालाला आला आणि या नापसंत विद्यार्थ्याला नोकरी देऊ केली. मग काय, उप्सालालाही जाग आली आणि व्याख्यात्याची जागा मिळाली! बाहेरच्याने कौतुक केल्यावर घरच्यांना किंमत कळते, हे फक्त आपल्याकडेच होत नाही तर.

१८८५ मध्ये वडील गेले. १८८६ मध्ये प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली आणि रीगा, वुर्झबुर्ग, ग्राझ, ॲमस्टरडॅम असा फिरून त्याने आपला सिद्धांत पक्का केला. १८८७ मध्ये तो पूर्ण स्वरूपात छापून आला. पाण्यात हायड्रोजनचे आयन सोडतं ते आम्ल. हायड्रॉक्सिल आयन, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, सोडते ती आम्लारी. दोघं भेटले की हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल मिळून पाणी होतं, बाकीचे आयन नुसते बघे. याचा एक झकास पुरावा आधीपासून वह्यांत पडून होता. कुठलंही तीव्र आम्ल घ्या, कुठलीही तीव्र आम्लारी घ्या, दोन्ही एकत्र केल्यावर निघणारी उष्णता जवळजवळ तेवढीच येते, दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल. वेगवेगळी रसायनं, उष्णता एकच, का? कारण आत घडतं ते एकच : पाणी तयार होणं.

आणि व्हिनेगर आपण कोशिंबिरीवर घालतो, पण तितक्याच मात्रेचं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायची हिंमत करत नाही, याचंही उत्तर मिळालं. हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात फुटतात. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचे, साधारण पातळ द्रावणात, शंभरातले एक-दोनच. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेनसेनने हायड्रोजन आयन मोजायची पीएच मोजपट्टी काढली. त्यात एक पायरी म्हणजे दहा पट फरक, हे आपल्या बिल्डिंगच्या स्विमिंग पूलवाल्याला नीट माहीत असतं.

१९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अऱ्हेनियसला मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला स्वीडिश. पारितोषिक भौतिकीचं द्यावं की रसायनाचं, यावरही खल झाला होता. रसायनाच्या समितीत तेव्हा कोण होते? हेच क्लीव्हे!

मोठेपण मिळाल्यावर मात्र माणूस सगळीकडे मोठ्या मनाने वागला नाही. मेंडेलीव्हला नोबेल मिळू नये म्हणून त्याने वजन खर्ची घातलं असं इतिहासकार मानतात. मेंडेलीव्ह त्याच्या आयन सिद्धांताचा टीकाकार होता. स्वतः प्रस्थापितांचा मार खाल्लेल्या माणसाने असं करावं याचं वाईट वाटतं. स्वीडनमधल्या वंशशुद्धीच्या चळवळीतही तो होता, आणि तो डाग पुसता येत नाही.

सिद्धांतालाही मर्यादा निघाल्या. मिठासारख्या पदार्थांना त्याचं गणित लागू पडेना. त्यावर १९१८ मध्ये कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष या तरुणाने वेगळी मांडणी करून युरोपचं लक्ष वेधलं. हेच पुढे खरगपूर आयआयटीचे पहिले संचालक. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी तो प्रश्न बराचसा सोडवला. अमोनियात तर हायड्रॉक्सिल नाही, तरी तो आम्लारी कसा? त्याच वर्षी ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी व्याख्या रुंद केली : हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत व्हर्जन दोन. पण व्हर्जन एकही शाळांमधून अजून चालू आहे.

त्याचं आणखी एक काम आपल्या या बेटाला थेट भिडतं. बायको सोडून गेली त्या सुमाराला, महिनोन्‌महिने हाताने आकडेमोड करून त्याने १८९६ मध्ये एक निबंध छापला : हवेतल्या कार्बोनिक आम्लाचा, म्हणजे आपल्या कार्बन डायऑक्साइडचा, जमिनीच्या तापमानावर परिणाम. तो वायू दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, असं उत्तर आलं. आजचे अंदाज त्याहून कमी, पण दिशा तीच. थंडीत कुडकुडणाऱ्या स्वीडिश माणसाला ही बातमी चांगलीच वाटली, शिवाय त्याला हजारो वर्षं लागतील असा त्याचा हिशेब होता. तेव्हा हवेत दर दहा लाख भागांत तीनशेहून थोडा कमी असलेला हा वायू आता चारशे वीसच्या वर गेलाय. त्यातला बराच समुद्रात विरघळतो आणि खरोखरच कार्बोनिक आम्ल होतो. समुद्राचं पाणी अजून आम्लारीच्याच बाजूला आहे, पण उद्योगयुगापासून त्याचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. एवढासा फरक वाटतो, पण हायड्रोजन आयन पाव पटीहून अधिक वाढले. आणि शिंपला काय, मोती काय, दोन्ही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आम्लात विरघळणारी वस्तू. २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेला मुहर्रकचा मोत्यांचा मार्ग पाहुण्यांना दाखवताना मला आता हा स्वीडिश माणूस आठवतो.

१९०५ पासून तो स्टॉकहोमच्या नोबेल संस्थेच्या भौतिक रसायन विभागाचा संचालक होता. त्याच वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. २ ऑक्टोबर १९२७ रोजी तो स्टॉकहोमला वारला. त्याला पुरलं मात्र उप्सालात.