नाडप्रभू केंपेगौडा

विजयनगरच्या साम्राज्यात येलहंका हे एक लहानसे मांडलिक राज्य होते. तेथील अधिपती पहिले केंपेगौडा यांनी इ. स. १५३७ मध्ये मातीचा किल्ला बांधून बंगळूर शहराचा पाया घातला. विणकर, कुंभार, व्यापारी अशा निरनिराळ्या व्यावसायिकांसाठी त्यांनी स्वतंत्र पेठा वसवल्या.

बंगळूरच्या पठारावर मोठी नदी नाही. म्हणून केंपेगौडांनी पावसाचे पाणी साठवणारे तलाव बांधले. केंपांबुधी हा त्यांपैकीच एक होय. ते स्वतः श्रद्धाळू होते. बसवनगुडी येथील भव्य नंदीचे मंदिर त्यांनीच उभारले, असे मानले जाते. कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी तेथे आजही भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेतकऱ्याला देवाचे दर्शन घडते आणि मालाला गिऱ्हाईकही मिळते. अशी श्रद्धा माणसांना आधार देते, एकत्र आणते.

परंतु श्रद्धेचे ओझेही त्यांच्या दाराशी आले. किल्ल्याचा दरवाजा बांधताना वारंवार कोसळू लागला, तेव्हा नरबळी द्यावा असे लोक म्हणू लागले. केंपेगौडांनी नकार दिला. तेव्हा त्यांची गर्भवती सून लक्ष्मम्मा हिने रात्री एकटीने जाऊन स्वतःचा बळी दिला, अशी दंतकथा आहे. कोरमंगल येथे तिचे स्मारक आहे. ही कथा खरी असो वा नसो, त्या काळी भीती माणसाकडून काय मागत असे, हे तिच्यातून कळते.

केंपेगौडा ज्या मोरसू वोक्कलिग समाजातील होते, त्या समाजात धार्मिक विधी म्हणून स्त्रियांच्या हाताच्या दोन बोटांची पेरे कापली जात. ही क्रूर प्रथा त्यांनी बंद केली, असे सांगितले जाते. स्वतःच्याच जातीची रूढी मोडणे सोपे नव्हते. समाजाचा रोष पत्करावा लागे.

इ. स. १५६९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, इ. स. १८०० च्या सुमारास, म्हैसूर प्रांतात हिंडलेल्या फ्रान्सिस बुकानन यांच्या प्रवासवर्णनातही या प्रथेची नोंद आढळते. म्हणजेच राज्यकर्त्याच्या आज्ञेने ती पुरती नाहीशी झाली नव्हती.

श्रद्धेने तलाव आणि मंदिरे उभी राहिली. श्रद्धेच्याच नावाने स्त्रियांची बोटेही कापली गेली. यांतील काय जपावे आणि काय टाकावे, हे ठरवण्याचा विवेक केंपेगौडांनी दाखवला. तो प्रत्येक पिढीला नव्याने दाखवावा लागतो.