पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक लागते. तेथील मुक्ति मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांच्या विद्वत्तेविषयी व समाजकार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या दुःखांकडे, व त्या दुःखांत त्यांना जी आशा गवसली तिच्याकडे, वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवादाची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, व मातेने ती विद्या कन्येस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. पुढे मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले. प्रथम पिता गेले, पाठोपाठ माता. मातेच्या प्रेतास खांदा द्यावयास चौथा मनुष्य मिळेना, म्हणून षोडशवर्षीय रमाबाईंनी स्वतः खांदा दिला व सुमारे तीन मैल वाट चालून स्मशान गाठले. काही महिन्यांतच वडील बहीणही निवर्तली. उरली ती दोघे भावंडे. ती अनवाणी हजारो मैल हिंडली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतली व रात्र काढली.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु मानाने दुःख हटत नाही. १८८० साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. अवघ्या एकोणीस महिन्यांनी पटकीने त्यांना नेले. कडेवर तान्ही मनोरमा होती.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे पतित स्त्रियांची प्रेमाने शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, व शोमरोनी स्त्रीशी प्रभु येशूने केलेले संभाषण वाचून त्यांचे हृदय हलले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी पूर्ण शांती लाभली ती सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनीच आपल्या साक्षीत नमूद केले आहे. हा विलंब आम्हांस मोलाचा वाटतो. त्यांची श्रद्धा उसनी नव्हती.

श्रद्धेची कसोटी लागली १८९६-९७ साली. मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. ज्या आपत्तीने स्वतःचे घर बुडविले तिचे नुसते नाव ऐकून कोणीही तोंड फिरविले असते. रमाबाई मात्र तेथे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व बालविधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू व झोपड्या उभारल्या. १९०० साली गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रमाची संख्या हजारावर गेली. ख्रिस्ताठायी मरण हा शेवट नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणूनच मरणाच्या दारी पडलेल्यांजवळ बसण्याचे त्यांस भय उरले नव्हते.

मनोरमाबाई मोठ्या होऊन मातेचा उजवा हात बनल्या. त्यांनी अंधांस शिकविले. १९१३ साली, आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्यातील गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी, येथे शाळाही काढली. तेवीस-चोवीस वर्षांच्या असता त्यांनी हा भार उचलला असे नव्हे. पक्क्या अनुभवाने, तिशी ओलांडल्यावर उचलला. आईमागून सर्व कार्य त्याच चालविणार हे ठरल्यासारखे होते. पण २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मिरज येथे त्यांचा अंत झाला.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कानांनी पुष्कळ वर्षे साथ सोडली होती आणि देह थकला होता. साध्याभोळ्या बायकांसही समजावे अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. त्यासाठी इब्री व ग्रीक या भाषा त्या शिकल्या होत्या. एकुलत्या एका कन्येच्या मृत्यूनंतरही हे काम त्यांनी टाकले नाही. दुःख मोठे होतेच. परंतु ताटातूट काही काळाची आहे व भेट अनंतकाळची, हे जे त्या इतरांच्या मुलींस शिकवीत आल्या, तेच आता त्यांना स्वतःच्या मुलीविषयी खरे मानावयाचे होते. त्या मुद्रिते तपासीत राहिल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी देह ठेविला. मुद्रिते तपासून पूर्ण झाली होती. ते बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे आश्रमातील मुलींनी व स्त्रियांनी जुळविले होते.